केवळ तटबंदीवरून केंद्र ठरत नाही: पूर्वमध्ययुगीन स्लाव वसाहतींविषयी

इतिहासाच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने विचारले आहे की, मध्य व पूर्व युरोपातील पूर्वमध्ययुगीन स्लाव लोकांच्या ज्या ठिकाणांना पुरातत्त्वज्ञ ‘मध्यवर्ती वसाहती’ म्हणतात ती नेमकी काय होती, शहरे की किल्ले की राजधान्या. ती ‘मध्यवर्ती’ होती हे मातीतून कसे ओळखतात. आणि इतक्या उत्खननांनंतर त्यांतून निष्पन्न काय झाले. ऐन उमेदीच्या काळात दोन हंगाम मी मोरावा नदीच्या काठी खणले आहे आणि पुढची बरीच वर्षे याच प्रकारच्या वसाहतींच्या अहवालांत घालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. मध्यवर्तीपणा हा त्या जागेचा अंगभूत गुण नसून तिचे आणि तिच्या पंचक्रोशीचे नाते आहे, आणि हे नाते तटबंदीच्या आत कितीही खणले तरी पुरते दिसत नाही.

किल्ला म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा, कातीव दगडाचे बुरूज आणि महादरवाजा उभा राहतो. स्लाव प्रदेशातले चित्र वेगळे आहे. तिथला ‘ग्राद’ किंवा ‘ह्राद’ हा बहुधा सखल, दलदलीच्या जागी, नदीच्या वळणावर किंवा तळ्यातल्या बेटावर असे. त्याचा तट ओकच्या ओंडक्यांच्या चौकटीत माती ठासून केलेला असे, आणि काही ठिकाणी दर्शनी बाजूला दगडाची सुकी भिंत असे. आपल्याकडच्या देशावरच्या गढीशी त्याचे साम्य डोंगरी किल्ल्यापेक्षा अधिक आहे. ‘ग्राद’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘कुंपण घातलेली जागा’ असाच आहे. नोवगोरोद आणि बेलग्राद ही नावे त्यातूनच आली, आणि व्युत्पत्तिकार हा शब्द संस्कृत ‘गृह’ या शब्दाशी, म्हणजे ओघाने आपल्या ‘घरा’शी, एकाच मुळातून जोडतात. तट कसा बांधत याचे वर्णन इब्राहिम इब्न याकूब या अंदलुसी प्रवाशाने दहाव्या शतकाच्या सातव्या दशकात करून ठेवले आहे: पाणथळ, झाडोऱ्याची जागा निवडायची, वर्तुळ किंवा चौकोन आखायचा, भोवती खंदक खणायचा, निघालेली माती फळ्या आणि खुंटांच्या आधाराने हव्या त्या उंचीपर्यंत ठोकत न्यायची, आणि दारापाशी लाकडी पूल टाकायचा. आज उत्खननात तटाचा छेद घेतला की जे दिसते त्याच्याशी हे वर्णन इतके जुळते की, या माणसाने एखादा तट बांधला जात असताना पाहिला असावा असे वाटते.

लिखित साधने थोडी आहेत आणि ती परक्यांनी लिहिलेली आहेत. नवव्या शतकात पूर्व फ्रँक राज्यात (साधारण आजच्या जर्मनीत) तयार झालेली ‘बव्हेरियन भूगोलकार’ या नावाने ओळखली जाणारी लॅटिन यादी कोणत्या स्लाव गटाकडे किती ‘सिविटास’ आहेत ते मोजते: उत्तरेकडच्या ओबोद्रितांकडे ५३, विल्त्सांकडे ९५, सोर्बांकडे ५०, बोहेमियनांकडे १५ आणि मोरावियनांकडे ११. हे आकडे फार मोहात पाडणारे आहेत. अनेक पिढ्यांच्या अभ्यासकांनी नकाशावर वर्तुळाकार तट मोजून ते या आकड्यांशी जुळवण्याचा प्रयत्न केला. अडचण अशी की, ‘सिविटास’ म्हणजे एक तट, की तट आणि त्याच्या आधाराने जगणारी गावे मिळून झालेला एक मुलूख, हे ती यादी सांगत नाही. मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण ज्या प्रदेशांत चांगले सर्वेक्षण झाले आहे तिथे वस्तीचे पुंजके आणि मधले जंगलपट्टे स्पष्ट दिसतात, आणि पुंजक्यागणिक बहुधा एखादा तट असतो.

आता ‘मध्यवर्ती’ या शब्दाकडे वळतो. तो आला भूगोलातून. वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या शहरांचा अभ्यास करून मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत मांडला. एखादे ठिकाण स्वतःच्या रहिवाशांपलीकडे भोवतालच्यांना ज्या सेवा पुरवते त्यांवरून त्याचे स्थान ठरते, हे त्याचे सार. बाजारपेठेच्या अर्थव्यवस्थेसाठी केलेली ही मांडणी नवव्या शतकाला जशीच्या तशी लागू पडणार नव्हती. जर्मन पुरातत्त्वज्ञ आयके ग्रिंगमुट-डाल्मर यांनी १९९० च्या दशकात तिला कामापुरते रूप दिले आणि पाच कार्ये ठरवली: सत्ता, संरक्षण, कच्चा माल व कारागिरी, व्यापार, आणि उपासना. एखाद्या ठिकाणी यांपैकी किती कार्ये एकवटली आहेत आणि त्यांची पोच किती दूरवर आहे हे तपासायचे. ही पद्धत थोडी यांत्रिक आहे, परंतु तिच्यामुळे तट दिसला की ‘राजधानी’ लिहून टाकण्याची खोड बरीच सुटली. संरक्षण हे पाचांतले एकच कार्य आहे. उत्तरेत असे कित्येक मोठे तट आहेत ज्यांच्या आत वस्तीचा थर जेमतेम बोटभर मिळतो. ते संकटकाळी गुरेढोरे घेऊन आसऱ्याला जाण्याचे ठिकाण असावे. उलट बाल्टिक किनाऱ्यावर विस्मारच्या उपसागराकाठी ग्रोस श्ट्र्योमकेन्डॉर्फ येथे ओबोद्रितांचे रेरिक नावाचे व्यापारी बंदर होते असे मानले जाते. तिथे कारागिरीचे आणि दूरदेशीच्या व्यापाराचे भरपूर पुरावे आहेत, मात्र मोठा तट नाही. डेन्मार्कचा राजा गॉडफ्रेड याने ८०८ साली रेरिक उद्ध्वस्त केले आणि तिथले व्यापारी उचलून आपल्या मुलखात नेऊन वसवले, अशी नोंद फ्रँक राजवृत्तांत आहे. त्याने व्यापारी पळवले याचाच अर्थ केंद्राचे मर्म कशात आहे हे त्याला ठाऊक होते.

पाचही कार्ये एकत्र पाहायची असतील तर मिकुल्चित्से इथे जावे. चेक प्रजासत्ताकाच्या आग्नेय टोकाला, स्लोव्हाकियाच्या सीमेलगत मोरावा नदीच्या पूरमैदानात हे ठिकाण आहे. १९५४ साली योसेफ पोउलीक यांच्या नेतृत्वाखाली खणायला सुरुवात झाली ती शेतात एक बुटके टेकाड आहे एवढ्याच माहितीवर, आणि काही वर्षांतच महामोराविया या नवव्या शतकातील राज्याचे बहुधा सर्वांत महत्त्वाचे केंद्र उजेडात आले. नदीच्या फाट्यांनी वेढलेला तटबंद भाग सुमारे दहा हेक्टरांचा आहे आणि त्याभोवती मोकळ्या वस्त्या पसरल्या आहेत. दगड आणि चुना वापरून बांधलेल्या दहाएक चर्चांचे पाये सापडले. त्यांतले सर्वांत मोठे, तीन दालनांचे, सुमारे ३५ मीटर लांब. पूरमैदानात दगड नसतो, म्हणजे प्रत्येक दगड बाहेरून आणावा लागला. चुना भाजणारे आणि भिंतीच्या गिलाव्यावर रंगकाम करणारे कारागीरही त्या प्रदेशाला नवे होते. चर्चांच्या भोवती आणि वस्तीत मिळून अडीच हजारांहून अधिक दफने मिळाली. तलवारी, सोन्याचांदीची पोकळ गोल बटणे आणि घोड्याला टाच मारण्यासाठी बुटाला बांधायच्या मुलामा दिलेल्या आऱ्या या दफनांत आहेत. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा म्हणजे अशा आऱ्या काही लहान मुलांच्या दफनांतही आहेत. ज्या पोराने अजून घोड्यावर मांड टाकलेली नाही त्याच्या पायाशी आर ठेवली जाते, तेव्हा दर्जा कमावला जात नसून जन्माने मिळत होता असा निष्कर्ष काढावा लागतो, आणि ‘सत्ता’ या कार्याचा याहून चांगला पुरावा तलवारींच्या मोजदादीतून मिळणार नाही.

८६९ सालच्या मोहिमेचे वर्णन करताना फुल्डा येथील वृत्तांतकार लिहितो की, फ्रँक सैन्य महामोरावियाचा शासक रास्तिस्लाव याच्या, म्हणजे ‘रास्तिस्लावाच्या त्या अवर्णनीय आणि सर्व जुन्या तटांहून वेगळ्या’ दुर्गापाशी पोहोचले. हा दुर्ग मिकुल्चित्सेच, असे ठामपणे म्हणणारे सहकारी मला भेटले आहेत. मी तसे म्हणत नाही. मोराव्हियातच स्तारे म्येस्तो आणि उहेर्स्के ह्रादिश्त्ये यांचा मोठा वस्तीसमूह आहे आणि त्याचाही दावा हलका नाही. नाव जुळवण्याच्या या चढाओढीत बरीच शाई वाया गेली आहे.

खणतानाचा एक प्रसंग सांगतो. मिकुल्चित्सेच्या तटाच्या दाराबाहेर, बुजून गेलेल्या नदीपात्रात लाकडी पुलांचे खांब आणि एकाच खोडातून कोरलेल्या नावा पूर्वी मिळाल्या होत्या. अशाच एका बुजलेल्या पात्रात, दुसऱ्या एका ठिकाणी, आम्ही चर खणत होतो. राखाडी चिखल थापीने बाजूला केल्यावर ओकच्या खांबाचे टोकदार केलेले तळ दिसले. पहिल्या क्षणी लाकूड फिकट तपकिरी, जणू गेल्या आठवड्यात तासलेले. कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव मोजता यावा इतका स्पष्ट, आणि एका घावात पात्याला पडलेल्या खांड्यामुळे उमटलेली बारीक रेघ. हवा लागली आणि आमच्या डोळ्यांदेखत लाकूड काळवंडू लागले. तासाभराने ते कोळशासारखे दिसत होते. छायाचित्रे आधी काढायची आणि कौतुक नंतर करायचे, हा धडा त्या दिवशी मिळाला. ओलसर चिखलात हवा पोहोचत नाही म्हणून लाकूड, कातडे, फळांच्या बिया टिकतात. आपल्याकडच्या पांढरीच्या टेकाडात खापरे आणि हाडे मिळतात, पण असे लाकूड जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे मराठी वाचकाला या पुराव्याच्या श्रीमंतीची कल्पना सहज येत नाही.

दक्षिणेला ब्रेत्स्लावजवळचे पोहान्स्को हे याच राज्यातले दुसरे केंद्र. ब्रनोच्या विद्यापीठाचे उत्खनन तिथे १९५९ पासून चालू आहे. तटाच्या आत २८ हेक्टर जागा आहे आणि त्यात खुंटांच्या कुंपणाने वेगळा काढलेला एक वाडा आहे: स्वतःचे चर्च, त्याभोवती चारशेहून अधिक दफने, लांबट इमारती आणि निवासाची जागा. फ्रँक राज्यातल्या जहागिरी वाड्यांची ही नक्कल आहे असे यिर्झी माखाचेक आणि त्यांचे सहकारी मानतात. २००८ साली ईशान्येकडच्या उपवस्तीत दुसरे, वर्तुळाकार चर्च मिळाले. इथला दगडी दर्शनी भिंतीचा भव्य तट नवव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत उभारला गेला, म्हणजे वाडा, कारागिरांच्या वस्त्या आणि चर्च आधी आले आणि तट मागाहून. माझ्या मूळ मुद्द्याला इतके सरळ उदाहरण दुसरे नाही. महामोराविया हे पूर्ण राज्य होते की राज्य होता होता राहिलेली सरदारी व्यवस्था, हा वाद याच ठिकाणच्या पुराव्यांवरून गेली काही वर्षे रंगला आहे. स्वतःचे नाणे नाही, कुऱ्हाडीच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या मूल्य म्हणून वापरात, कर नियमित घेतला जात होता याचा थेट पुरावा नाही. तरी मेथोडियससारखा आर्चबिशप आहे आणि पोपशी पत्रव्यवहार आहे. मी राज्याच्या बाजूने झुकतो, परंतु फार जोराने नाही. नाण्यांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: प्रागमध्ये विरळ विणीचे छोटे कापडी तुकडे पैशासारखे चालत आणि लोक ते पेटाऱ्यात साठवून ठेवत, असे इब्न याकूब सांगतो. असे चलन मातीत काय राहणार?

पंचक्रोशीचा पुरावा मिळवणे हे खरे कष्टाचे काम आहे. केंद्रात जळालेले धान्य मिळाले तर त्यासोबत भुसा, देठाच्या गाठी आणि तणाच्या बिया किती आहेत ते पाहतात. साफ केलेले धान्य मिळाले तर मळणी दुसरीकडे झाली आणि धान्य बाहेरून आले असे अनुमान निघते. जनावरांच्या जबड्यांवरून कापतेवेळी असलेले वय कळते. ऐन वाढीची डुकरे आणि बैल तेवढे मिळाले आणि म्हातारी किंवा नवजात जनावरे नाहीत, तर पैदास त्या ठिकाणी होत नव्हती. मोरावाच्या पूरमैदानात आज दरवर्षी पाणी चढते, पण नवव्या शतकात ते बरेच कोरडे आणि राहण्याजोगे होते. वरच्या अंगाची जंगले तोडली गेल्यावर पुढच्या शतकांत गाळाचे जाड थर साचले आणि जुन्या वस्त्या खाली गेल्या. त्यामुळे केंद्राच्या अगदी जवळची खेडी नांगरटीत वर येणाऱ्या खापरांच्या सर्वेक्षणात सापडतच नाहीत, आणि केंद्र एकाकी होते असा चुकीचा समज होतो.

पोलंड आणि बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात) यावर आणखी एक वाट आहे, ती गावांच्या नावांची. श्चित्निकी म्हणजे ढाली करणारे, ग्रोत्निकी म्हणजे भाल्याची पाती करणारे, पेकारी म्हणजे भटारी, श्विन्यारी म्हणजे डुकरे राखणारे, बेदनारी म्हणजे लाकडी पिंपे करणारे. मोठ्या तटांच्या भोवती अशी नावे विखुरलेली दिसतात आणि ती राजाच्या सेवेला बांधलेल्या गावांची मानली जातात. कुंभारवाडी आणि कासारवाडी माहीत असलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल. मात्र आपले बलुते गावाच्या आत, गावासाठी असे. इथे अख्खे गाव एका कामाला आणि एका धन्याला जुंपलेले आहे, हा फरक लहान नाही.

या विषयाला सर्वांत मोठा धक्का दिला तो झाडांच्या वलयांनी, म्हणजे खोडातली वार्षिक वलये मोजून लाकडाचे साल ठरवण्याच्या पद्धतीने. लुसाटियात, जर्मनीच्या पूर्व भागात, लिग्नाइट कोळशाच्या खाणीपुढे टोर्नो येथील छोटा वर्तुळाकार तट १९६० च्या दशकात योआखिम हेरमान यांनी पूर्ण खणला. तटाच्या आतल्या बाजूला धान्याची कोठारे, मधल्या अंगणात विहीर, असा तो नेटका नमुना होता. मातीची भांडी आणि काही कार्बन कालमापने यांवरून हेरमान यांनी त्याची सुरुवात सहाव्या-सातव्या शतकापर्यंत मागे नेली, आणि स्लाव समाजात सरंजामशाही आतूनच कशी लवकर उगवली याची सबंध मांडणी त्यावर उभी राहिली. पूर्व जर्मनीतल्या तेव्हाच्या मार्क्सवादी इतिहासलेखनाला ती सोयीची होती. पुढे, मुख्यतः १९९० नंतर, लुसाटियातल्या अशा तटांच्या ओक लाकडांची वलये पद्धतशीर मोजली गेली तेव्हा त्यांचे बांधकाम नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात पडले. दोन-अडीचशे वर्षांचा फरक! सावकाश उगवलेल्या सरंजामशाहीऐवजी पूर्व फ्रँक आणि मागाहून सॅक्सन राजांच्या दडपणाखाली घाईने उठवलेल्या तटांची रांग डोळ्यांपुढे आली. हेरमान यांचे खणणे उत्तम होते. चूक कालमापनाच्या साधनांची आणि थोडी हव्या त्या उत्तराच्या ओढीची. लाकडाला साल चिकटलेली असेल तर झाड कोणत्या वर्षी, कधी कधी कोणत्या ऋतूत पाडले हेही सांगता येते. बाहेरची वलये तासून गेली असतील तर मात्र ‘अमुक सालानंतर’ एवढेच म्हणावे लागते, आणि जुने लाकूड पुन्हा वापरले असेल तर तारीख खरी असून अनुमान खोटे ठरते.

पोलंडमध्ये हेच घडले, उलट्या परिणामाने. १९६६ साली पोलंडच्या बाप्तिस्म्याला हजार वर्षे होणार म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैशाने प्रचंड उत्खनन मोहीम निघाली. ग्न्येझ्नो, पोझ्नान, ऑस्त्रूव लेदनित्स्की ही पोलंडच्या पहिल्या राजघराण्याची, प्यास्तांची, केंद्रे जुन्या टोळीच्या तटांतून क्रमाक्रमाने वाढली असे तेव्हा धरले जाई. वलयांनी सांगितले की ग्न्येझ्नोचा तट ९४० च्या आसपासचा आहे, आणि त्याच सुमारास वेल्कोपोल्स्का प्रदेशातले कित्येक जुने तट जळाले किंवा ओस पडले. म्हणजे ही वाढ नव्हती. एका घराण्याने शेजाऱ्यांची केंद्रे मोडून, माणसे हलवून, एका पिढीत नवी केंद्रे उठवली. ऑस्त्रूव लेदनित्स्की हे तळ्यातले बेट. त्याला पोझ्नानच्या बाजूने चारशे मीटरांहून लांब आणि ग्न्येझ्नोच्या बाजूने त्याहून आखूड असा लाकडी पूल होता. तोरून्यच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी तळाशी खांब मोजले, आणि त्यांच्याभोवती कुऱ्हाडी, भाले, तलवारी मिळाल्या. सर्वांत जुनी लाकडे ९६० च्या दशकातली, म्हणजे ऐन ९६६ च्या तोंडावरची.

उपासनेच्या केंद्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांवर नको तितके लिहिले गेले आहे. र्यूगेन बेटावरचे आर्कोना, जिथला चार तोंडांचा देव स्वांतेवित ११६८ साली डेन राजा वाल्देमार याच्या माणसांनी फोडला, हे नाव सर्वांना माहीत असते. त्या देवळाची जागा मात्र कड्यासकट मुख्यतः समुद्रात कोसळली आहे.

पुराव्याच्या नाजूकपणाचे आणखी एक उदाहरण द्यायला हवे. सप्टेंबर २००७ मध्ये मिकुल्चित्से येथील संशोधन केंद्राची इमारत जळाली आणि अर्धशतकाच्या उत्खननातील वस्तूंचा व नोंदींचा मोठा भाग नष्ट झाला. त्यानंतर तिथे आधीच खणलेल्या जागा पुन्हा उघडून तपासण्याची छोटी उत्खनने झाली, आणि पन्नास वर्षांपूर्वी ज्या थरांकडे घाईत दुर्लक्ष झाले होते ते त्यांत नव्याने वाचता आले.

पुढे या ठिकाणांचे काय झाले हा प्रश्नाचा शेवटचा भाग आहे. साधारण ९०६-९०७ च्या सुमारास मॅग्यारांच्या, म्हणजे हंगेरियनांच्या, धडकीने महामोराविया कोसळला. चर्च, सरदार आणि सैन्य यांना पोसणारे जाळे तुटले, तशी ती मोठी वस्ती पोसायला कोणी उरले नाही. काही लोक थोडा काळ राहिले, पण केंद्र संपले. मोरावाच्या पलीकडे, आता स्लोव्हाकियात, कोप्चानी गावाबाहेर संत मार्गारेटचे छोटे चर्च तेवढे कुरणात उभे आहे. बोहेमियाच्या ड्यूकने मात्र नवव्या शतकाच्या अखेरीस आपले ठाणे लेव्ही ह्रादेत्स सोडून व्ल्तावा नदीच्या वरच्या एका धारेवर नेले. दहाव्या शतकात तिथे बिशप आला, आणि त्याच धारेवरच्या प्राग किल्ल्यात आज चेक राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय आहे.